एक तोंड, दोन कडियाळी : शो पोनीच्या डबल ब्रायडलची जोडी कशी जमवायची

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले जादाचे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल तर दाराजवळून जरा आत या, स्वयंपाकघरात असाल तर गॅस बारीक करा, आणि मग ऐका. आजचा विषय हाताने दाखवायचा आहे, तो मी फक्त तोंडाने सांगणार आहे. त्यामुळे थोडं डोळ्यांसमोर आणत ऐकावं लागेल.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने मेसेज केला होता. त्याने एका ब्रिटिश शोचा व्हिडिओ पाहिला. त्यात दहा-अकरा वर्षांची मुलगी, खाली चकचकीत पोनी, आणि त्या पोनीच्या तोंडात एक नाही, दोन लोखंडी दांड्या. मुलीच्या हातात चार लगाम. त्याचा प्रश्न असा, “ताई, एवढ्याशा तोंडात दोन-दोन कशाला? हा छळ नाही का?”

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर ‘हो’ही असू शकतं आणि ‘नाही’ही. कोणत्या दोन दांड्या, कोणत्या तोंडात आणि कुणाच्या हातात, यावर ते ठरतं. आजचा भाग त्यावरच.

ज्यांनी मला पहिल्यांदाच ऐकलंय त्यांच्यासाठी सांगते. मी इंग्लंडमध्ये एका शो यार्डावर ग्रूम म्हणून काम करते. यार्ड म्हणजे तबेलाच, फक्त इथे तबेल्याबरोबर सराव, शोची तयारी, पोनीची ने-आण सगळं चालतं. मी शेण उचलते, आयाळ गुंफते, आणि रोज सकाळी सात-आठ पोनींच्या तोंडात कडियाळं घालते. कडियाळं हा आपला जुना मराठी शब्द. घोड्याच्या तोंडात जाणारा लगामाचा धातूचा भाग, ज्याला इंग्रजीत बिट म्हणतात, तोच हा. आज मी हाच शब्द वापरणार आहे.

शो पोनी म्हणजे कोण?

पोनी म्हटलं की आपल्याला तट्टू आठवतं, आणि तट्टू म्हटलं की ‘भाड्याचं तट्टू’! पण ब्रिटनमधला शो पोनी म्हणजे अगदी वेगळं प्रकरण. बारीक हाडाचा, सुबक डोक्याचा, तरंगल्यासारखा चालणारा. ब्रिटिश शो पोनी सोसायटी १९४९ मध्ये स्थापन झाली. ‘हॉर्स ऑफ द इयर शो’ही त्याच वर्षी सुरू झाला. तो आता दर ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला भरतो आणि तिथे पोचण्यासाठी वर्षभर ठिकठिकाणी पात्रता फेऱ्या असतात.

शो पोनीचे मुख्य वर्ग उंचीवर आहेत : १२८ सेंटिमीटरपर्यंत, १३८ पर्यंत आणि १४८ पर्यंत. प्रत्येक वर्गात स्वाराच्या वयालाही मर्यादा आहे. पोनी जेवढा छोटा, तेवढं मूल छोटं. पंच मोठी माणसं असल्यामुळे ती या पोनींवर बसत नाहीत. मूलच त्याला चाल, दुडकी, कँटर करून दाखवतं, मग एकट्याने छोटंसं प्रदर्शन करतं. त्यानंतर खोगीर उतरवून पोनीची अंगकाठी बघितली जाते.

आता मुद्द्याचं. अगदी लहान मुलांच्या वर्गांत, म्हणजे जिथे मोठं माणूस दोरी धरून चालतं तिथे आणि मूल पहिल्यांदा एकटं चालवतं तिथे, साधं एकच कडियाळं लागतं. त्याचं नाव स्नॅफल. नवख्या पोनींच्या वर्गातही स्नॅफलच. पण पोनी खुल्या वर्गात गेला की डबल ब्रायडलची पद्धत आहे : एका डोक्यावर दोन कडियाळी, चार लगाम. तिथपर्यंत पोचलेला पोनी बारीक इशारा ओळखतो, हे दाखवणं हा त्यामागचा खरा हेतू.

इथेच गडबड होते. पोनी ‘मोठ्या वर्गात गेला’ म्हणून आईवडील घाईने डबल विकत घेतात, जसं दहावी झाली की बाईक! आणि दुकानात जे चमकतं ते उचलतात.

आधी तोंडाच्या आत बघू

जोडी निवडण्याआधी घर बघायला हवं ना? घोड्याच्या तोंडात पुढे कापायचे दात, मागे दाढा, आणि मधे दोन्ही बाजूंना दात नसलेला हिरडीचा पट्टा असतो. या रिकाम्या जागेमुळेच माणसाला घोड्याच्या तोंडात दांडी ठेवता आली. तिथे हाडावर फक्त पातळ कातडं आहे. आपल्या नडगीवर कुणी पेन्सिल दाबली तर कसं वाटेल? साधारण तसंच.

पण जागा खरंच रिकामी नसते. जीभ तिथे भरून असते. तोंड मिटलेलं असताना जीभ जवळपास सगळी पोकळी व्यापते, वर टाळू टेकलेला असतो. म्हणजे आपण जी दांडी घालतो ती जिभेवरच बसते. जिभेला जागा मिळते की नाही, हा अर्धा खेळ आहे.

पोनीचं तोंड तर आणखी तोकडं. ओठांच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत अंतर कमी, जीभ बहुतेक वेळा जाड, टाळू खाली आलेला. मोठ्या घोड्याच्या सामानाची छोटी प्रत काढून ती पोनीला घातली की झालं, असं मुळीच नाही. शिवाय घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के यायला साधारण पाच वर्षं लागतात. नरांना हिरडीच्या त्याच पट्ट्यात सुळेही येतात, आणि दाढेच्या पुढे कधी कधी एक बिनकामाचा छोटा दात असतो, त्याला इथे वुल्फ टूथ म्हणतात. दांडी त्यावर आपटली तर पोनी डोकं झटकणारच. मग लोक म्हणतात, “खोडकर आहे.” अहो, दात दुखतोय त्याचा!

म्हणून पहिला नियम : दातांचा डॉक्टर आधी, दुकान नंतर.

दोन कडियाळी, दोन वेगळी कामं

आता त्या दोन दांड्या. वरची पातळ, तिला ब्रिडून म्हणतात. ती म्हणजे बारीक स्नॅफलच : मधे सांधा, दोन टोकांना कड्या, कडीला लगाम. मुलाने लगाम धरला की ओठांच्या कोपऱ्यावर आणि जिभेवर सरळ दाब येतो. जेवढी ओढ, तेवढाच दाब. हिचं काम म्हणजे वळवणं, डोकं वर ठेवायला सांगणं, रोजचं बोलणं.

खालची म्हणजे वेमथ. ही बहुतेक वेळा अखंड दांडी असते, मधे सांधा नसतो. दोन्ही टोकांना उभे दांडे असतात. दांड्याच्या वरच्या टोकाला डोक्याचा पट्टा, खालच्या टोकाला लगाम, आणि हनुवटीखालच्या खाचेतून जाणारी एक साखळी, कर्ब चेन. लगाम ओढला की दांडा फिरतो, साखळी हनुवटीला टेकते, आणि मग पहारीसारखा खेळ सुरू होतो. दाब एकाच वेळी जिभेवर, हिरडीवर, हनुवटीवर आणि थोडासा कानांमागे डोक्यावर. हिचं काम एकच : ‘मान जरा सैल सोड, हनुवटी किंचित आत घे.’ तेही कुजबुजून.

शाळेत शिकलेलं तरफेचं गणित इथे कामाला येतं. समजा दांड्याचा तोंडाच्या वरचा भाग साडेतीन सेंटिमीटर आणि खालचा पाच सेंटिमीटर. खाली एक किलोची ओढ दिली की साखळीवर पाच भागिले साडेतीन, म्हणजे साधारण १.४ किलो येतं. तोंडातल्या दांडीवर या दोघांची बेरीज, म्हणजे साधारण २.४ किलो. आता खालचा भाग सात सेंटिमीटर केला तर? साखळीवर २ किलो, तोंडावर ३ किलो. हे ढोबळ गणित आहे, लगामाचा कोन बदलला की आकडे बदलतात. पण गोम लक्षात आली ना? मुलाचा हात तोच, ताकद तीच, फक्त दोन सेंटिमीटर लोखंड वाढलं आणि दाब पाव पटीने वाढला.

याला एक दुसरी बाजूही आहे. लांब दांडा फिरायला जास्त वेळ घेतो, त्यामुळे पोनीला ‘आता काहीतरी येतंय’ याची सूचना मिळते. आखूड दांडा पटकन लागतो पण हलका लागतो. मुलांचे हात अजून पूर्ण स्थिर नसतात, त्यामुळे त्यांना आखूड दांडा बरा. पोनीसाठी मिळणाऱ्या आखूड दांड्याच्या वेमथला टॉम थंब म्हणतात. आमच्या यार्डात पोनीला पहिल्यांदा डबल घालताना तोच काढला जातो.

तुलनेसाठी सांगते. मोठ्या घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय ड्रेसाज स्पर्धांत दांड्याचा तोंडाखालचा भाग दहा सेंटिमीटरहून लांब चालत नाही, आणि ब्रिडून किमान दहा व वेमथ किमान बारा मिलिमीटर जाड लागतं. म्हणजे पातळपणालाही मर्यादा आहे. पातळ दांडी कमी जागा घेते हे खरं, पण ती रुततेही. सुतळी बोटाला बांधा आणि मग रुंद नाडी बांधा, फरक कळेल.

मापं कशी घ्यायची

आता वही काढा.

रुंदी : एक गुळगुळीत लाकडी काडी किंवा जाड दोरी पोनीच्या तोंडात कडियाळ्याच्या जागी धरायची आणि दोन्ही बाजूंना ओठ संपतात तिथे खूण करायची. वेमथ साधारण या मापाचंच, गालाला हलकं टेकणारं हवं. रुंद असेल तर ते डावी-उजवीकडे सरकतं, आणि पोर्ट, म्हणजे मधली कमान, जिभेच्या मधोमध राहत नाही. ब्रिडून सांध्याचं असल्यामुळे ते वाकतं, म्हणून ते साधारण पाच मिलिमीटर मोठं घ्यायचं.

उंची : ब्रिडून वर, ओठांच्या कोपऱ्याला लागून. हलकी एक सुरकुती पडली की पुरे. पोनी हसतोय असं वाटलं तर ते फार वर बांधलंय. वेमथ त्याच्या खाली, म्हणजे साखळी बरोबर हनुवटीच्या खाचेत बसेल. नर असेल तर सुळ्यांपासून लांब.

साखळी : आधी फिरवून फिरवून सपाट करायची, एकही कडी पिळलेली नको. उजव्या बाजूला अडकवलेली असते, डाव्या बाजूला आणून लावायची. मग लगाम हलका घेऊन बघायचं. दांडा साधारण ४५ अंश मागे आला की साखळी लागायला हवी. आधीच लागली तर ती सतत दाबतेय, म्हणजे हँडब्रेक लावून गाडी चालवण्यासारखं. फार उशिरा लागली तर दांडा पूर्ण आडवा होतो आणि आतली कमान फिरून टाळूकडे जाते. नाजूक कातडी असेल तर साखळीखाली रबरी किंवा चामड्याची पट्टी.

नाकपट्टा : डबलबरोबर साधाच. त्याच्या आत दोन बोटं आरामात जायला हवीत, आणि ती नाकाच्या हाडावर घालून बघायची, गालाच्या मऊ जागी नाही. तोंड आवळून बंद केलं तर पोनी काय सांगतोय ते ऐकू कसं येणार?

जोडी जमवायची कशी

इथे लग्न जमवण्यासारखंच आहे. दोन्ही स्थळं एकेकटी चांगली असून भागत नाही, एका घरात नांदायला हवीत.

पहिला प्रकार : जीभ जाड, टाळू खाली. पोनींमध्ये हा फार दिसतो. इथे उंच कमानीचं वेमथ नको, वर जागाच नाही. अगदी सरळ दांडीही नको, तिचा सगळा भार जिभेवर पडतो. रुंद आणि बुटकी कमान बरी. ब्रिडून दोन सांध्यांचं, मधे चपट्या गोट्यासारखा तुकडा असलेलं. एक सांध्याचं ब्रिडून जिभेभोवती अडकित्त्यासारखं दुमडतं, दोन सांध्यांचं तिच्यावरून वळतं.

दुसरा प्रकार : चुळबुळ्या. सारखा चघळतो, डोकं हलवतो. त्याला तोंडात शांतता हवी. म्हणून न हलणाऱ्या दांड्याचं वेमथ, आणि एगबट ब्रिडून, ज्याच्या कड्या दांडीला घट्ट जोडलेल्या असतात. त्याहून स्थिर हवं तर लटकत्या दांड्याचं ब्रिडून असतं, पण लहान तोंडात त्याची आणि वेमथच्या दांड्याची टक्कर होत नाही ना, ते बघायचं.

तिसरा प्रकार : रेलणारा. सगळं डोकं मुलाच्या हातात टाकून चालतो. त्याला टेकायला स्थिर दांडी देऊ नका. सुट्या कड्यांचं ब्रिडून, आणि दांड्यावर थोडं वर-खाली सरकणारं वेमथ. दोन्ही हलतात, त्यामुळे टेकू मिळत नाही. मात्र सुट्या कड्यांच्या भोकात ओठाचं कातडं चिमटत नाही ना, हे रोज बघायचं.

चौथा प्रकार : मागे लपणारा. हनुवटी छातीकडे ओढून घेतो. वरवर फार ‘छान मान वळवली’ दिसतं. खरं तर तो दांडीपासून पळतोय. याला सगळ्यात सौम्य, सगळ्यात आखूड, साखळी एक कडी सैल. आणि बहुतेक वेळा डबल काढून काही महिने परत स्नॅफल.

पाचवा प्रकार : तोंडात दोन मावतच नाहीत. मग हट्ट कशाला? पेल्हम नावाचं एकच कडियाळं येतं, त्यालाही दोन लगाम लागतात. दोन्ही कामं ते थोडी थोडी करतं, कुठलंच पूर्ण नाही. पण लहान तोंडाला ते पुष्कळदा सुखाचं. त्यात कमीपणा काही नाही.

आणि पोनी पळून जातो, थांबत नाही, वळत नाही? त्यासाठी डबल नाही. तो शिक्षणाचा प्रश्न आहे. जो स्नॅफलमध्ये नीट चालत नाही, तो डबलमध्ये ‘नीट’ दिसू शकतो, पण शिकलेला नसतो.

एका पोनीची गोष्ट

गेल्या एका हंगामातली गोष्ट सांगते. नावं नाही सांगत.

तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा, १३८ च्या वर्गातला सात वर्षांचा पोनी. त्याची स्वार मुलगी चौदा वर्षांची. म्हणजे तिचं त्या वर्गातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या हंगामात ती वयाने बाहेर, आणि पोनी विकायचा, हे घरात ठरलेलं. त्यामुळे एकेक पात्रता फेरी महत्त्वाची. आणि नेमका वसंतात पोनी जड झाला. कँटरमध्ये खाली रेलायचा, तोंड उघडायचा, जीभ मागे ओढायचा.

मुलीच्या आईचं मत पक्कं : लांब दांड्याचं वेमथ घ्या. तिच्या ओळखीतल्या कुणाचा पोनी त्यात ‘एकदम हलका’ झाला होता. पहिली पात्रता फेरी तीन आठवड्यांवर. आमच्या यार्डाच्या मुख्य बाई काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, “आधी तोंड दाखव मला.”

मी ओठ बाजूला केला. जीभ इतकी जाड की दातांच्या फटीतून बाहेर डोकावत होती. टाळूला बोट लावलं, जागा अगदी थोडी. दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांना वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झालेल्या सापडल्या आणि गालाच्या आत एक छोटी जखम. त्यांनी कडा घासल्या, आणि दहा दिवस तोंडात काही घालायचं नाही म्हणून सांगितलं.

तीन आठवड्यांतले दहा दिवस गेले. आईचा चेहरा तुम्ही कल्पना करा. मुलगी मात्र रोज यायची, दोरी धरून पोनीला गवतावर चालवायची. एक दिवस तिने मला विचारलं, “त्याला दुखत होतं तेव्हा मी खेचत होते का?” मी म्हटलं, “आता नाही ना खेचत? मग झालं.”

जखम भरल्यावर चाचण्या सुरू. पद्धत एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक बदलाला दोन-तीन दिवस द्यायचे. आधी जुनी जोडी, म्हणजे सुट्या कड्यांचं जाड एक सांध्याचं ब्रिडून आणि मध्यम उंच कमानीचं वेमथ. दात बरे होऊनही तोंड उघडत होता. म्हणजे दोष नुसता दातांचा नव्हता. मग ब्रिडून बदललं : बारीक, दोन सांध्यांचं, एगबट. तोंड मिटायला लागलं. मग वेमथ, सरळ दांडीचं टॉम थंब. शांत झाला, पण कँटरमध्ये थोडा जडच, आणि जीभ पुन्हा मागे. शेवटी आखूडच दांडा, पण रुंद बुटकी कमान. तिसऱ्या दिवशी त्याने चघळायला सुरुवात केली, ओठांवर थोडा फेस आला, कान सैल पडले.

आता नीट ऐकणारे म्हणतील, अहो, रेलणाऱ्याला तर तुम्ही हलणारी जोडी सांगितली होती! बरोबर. पण हा रेलत होता तो आळसाने नाही, जीभ वाचवायला. म्हणून म्हणते, प्रकारांची यादी पाठ करू नका. कारण शोधा.

पहिली पात्रता फेरी आम्ही सोडली. पुढच्या दोन केल्या, एकीत चौथा आला. बर्मिंगहॅमला काही तो पोचला नाही. मुलीला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? शरद ऋतूत पोनी विकला गेला, एका अकरा वर्षांच्या मुलाला. मुलीने सामानाच्या पेटीत ती दोन कडियाळी धुऊन, पुसून ठेवली आणि वर चिठ्ठी लावली : कुठल्या भोकात कुठला पट्टा, साखळीची कितवी कडी. तिच्या आईने चिठ्ठी वाचली, खाली एक ओळ स्वतः लिहिली : “लांब दांडा घेऊ नका.”

चार लगाम, दोन छोटे हात

जोडी कितीही चांगली असली तरी ती शेवटी हातात जाते. ब्रिडूनचा लगाम जरा रुंद असतो, वेमथचा अरुंद, म्हणजे न बघता बोटांना कळतं. ब्रिडूनचा करंगळीच्या बाहेरून, वेमथचा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधून. ब्रिडूनवर संपर्क, वेमथचा किंचित सैल.

मुलांना शिकवताना आम्ही दोन लगाम खुर्चीच्या पाठीला बांधतो. एक ताणायचा, दुसरा झोळ पडलेला ठेवायचा, आणि मग अदलाबदल. पंधरा मिनिटांत बोटं भरून येतात. ज्याला खुर्चीवर जमत नाही, त्याला पोनीवर देत नाही. आणि जमलं तरी डबल आठवड्यातून एक-दोनदाच. बाकी दिवस स्नॅफल आणि बाहेर फिरणं. मीठ रोज लागतं, पण मूठभर नाही!

आपल्याकडे याचं काय?

तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला शो पोनी घ्यायचा नाही, इथे पार्किंगला जागा नाही. कबूल. पण तुम्ही माथेरानला जाता, महाबळेश्वरला घोड्यावर बसून फोटो काढता, मित्राच्या वरातीत घोड्यापुढे नाचता. त्या घोड्याचं तोंड आतून तसंच आहे, जसं मी आत्ता सांगितलं. तीच जीभ, तीच पातळ हिरडी.

आपल्याकडे काही ठिकाणी अजून काटेरी लगाम वापरतात, दांडीवर टोचणारे खिळे असलेले. आणि हे नुसतं वाईट नाही, बेकायदा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठीचे १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात खिळे किंवा टोकं असलेलं कडियाळं वापरायला स्पष्ट मनाई आहे. पुढच्या वेळी बसण्याआधी दहा सेकंद ओठांचे कोपरे बघा. रक्त, जखम, पांढरे वण दिसले तर बसू नका, आणि का बसत नाही ते मालकाला शांतपणे सांगा. भांडू नका. त्याचं पोट त्यावर आहे. पण गिऱ्हाईक का गेलं ते त्याला कळलं पाहिजे.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर. दोन दांड्या म्हणजे दुप्पट छळ का? काटेरी एक दांडी चांगल्या बसलेल्या दोन दांड्यांपेक्षा कितीतरी वाईट. आणि चांगल्या बसलेल्या दोन दांड्या आडदांड हातात गेल्या तर त्या साध्या स्नॅफलपेक्षा वाईट. व्हिडिओ बघताना दांड्या मोजू नका. तोंड मिटलेलं आहे का, शेपूट सैल आहे का, आणि खालचा लगाम किंचित झोळ घेऊन लटकतोय का, ते बघा. तिन्ही ‘हो’ असतील तर निश्चिंत बघा. नसतील तर तुमची शंका बरोबर होती.

चला, आजच्यापुरतं इतकंच. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पण दोन मिनिटांच्या आत हं! पुढच्या भागात पावसाळ्यात खुरांना काय होतं ते बोलू. तोवर काळजी घ्या, आणि आयुष्यात कुठलाही लगाम हातात आला तर आधी सैल धरून बघा. भेटू!